सिस्टरचे दोन पेशंट

"हात धुतले का?"

धाराशिवच्या त्या घराची बेल वाजवली की दार उघडायच्या आधी आतून हा प्रश्न यायचा. हो म्हटलं की दुसरा, "साबणानं?" मग कडी निघायची. दारात एक उंच, सडपातळ बाई उभी असायची. पांढरे केस घट्ट मागं बांधलेले, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला फिरवलेली. नर्सची नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण ते घड्याळ काही सरळ झालं नव्हतं.

सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या लेकरांच्या खोलीत त्यांची जवळजवळ सगळी नोकरी गेली. तळहातावर मावतील अशी लेकरं काचेच्या पेटीत सांभाळायची, त्यांची ऊब कमीजास्त होऊ द्यायची नाही आणि भेटायला आलेल्या आईबापांना दाराबाहेर हात धुवायला लावायचे, हे त्यांचं काम. नवरा लवकर गेलेला. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल त्या बोलत नसत आणि कुणी विचारतही नसे.

मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात बदलून आलो तेव्हा त्यांच्या वरच्या दोन खोल्या बघायला गेलो होतो. बायको बरोबर होती. सिस्टरनी आम्हाला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "खोल्या दाखवायच्या आधी एक सांगते. खाली माझ्याकडं दोन साप आहेत. विषारी नाहीत. परदेशी जातीचे छोटे अजगर आहेत, त्यांची सरकारदरबारी रीतसर नोंद झालेली आहे. आधी ते बघा. त्यानंतर जिना चढायचा का नाही ते तुम्ही ठरवा."

बायकोनं माझी बाही घट्ट धरली. मी नको म्हणायच्या बेतात होतो, पण सिस्टर उठून आतल्या खोलीकडं निघाल्याही होत्या. त्यांच्या चालण्यात असं काहीतरी असायचं की माणूस आपोआप मागं जायचा.

आतल्या खोलीत सुताराकडून करून घेतलेल्या दोन लाकडी पेट्या होत्या, पुढं सरकती काच. सिस्टरनी एक काच सरकवली, आत ठेवलेलं उपडं गाडगं हलक्या हातानं उचललं, आणि खाली एक तपकिरी-काळा गोळा दिसला. मुठी आवळून बसावं तसा तो स्वतःभोवती गुंडाळून बसला होता आणि डोकं मधोमध कुठंतरी लपवलेलं.

"घाबरला की असा होतो," सिस्टर म्हणाल्या. "चावायचं वगैरे त्याच्या डोक्यात नसतं. तोंड लपवलं की आपण कुणाला दिसत नाही, असं त्याला वाटतं."

बायको बराच वेळ बघत राहिली. मग माझी बाही सोडून म्हणाली, "हा तर माझ्यापेक्षा भित्रा आहे."

आम्ही खोल्या घेतल्या.

सिस्टर त्या दोघांना नावानं बोलावत नसत. एक नंबर आणि दोन नंबर, बस्स. दवाखान्यात खाटेच्या नंबरावरून बोलायची सवय. आम्हालाही त्यांनी नावानं हाक मारली नाही. मी 'पाणीवाले' झालो आणि बायको 'पाणीवाल्या वहिनी'. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी जिना दणादण उतरत होतो तर खालून आवाज आला, "पाणीवाले, जरा हळू. खाली पेशंट झोपलेत." मला वाटलं, बाई गंमत करतायत. त्या गंमत करत नव्हत्या. सापाला कान नसतात, पण जमिनीचा हादरा पोटाला कळतो, आणि आधीच घाबरट असलेला प्राणी दिवसभर हादरे खात राहिला तर जेवण सोडतो, हे त्यांनी मला जिन्यातच उभं करून सांगितलं. तेव्हापासून आम्ही जिन्यावर चपला हातात घेऊन चालायला लागलो. पाहुण्यांना ते विचित्र वाटायचं.

ते साप त्यांच्याकडं आले ते भाच्यामुळं. भाचा पुण्यात संगणकाच्या नोकरीत होता. हौसेनं त्यानं ही जोडी घेतली आणि लग्न ठरल्यावर नवरीनं सांगितलं, घरात मी राहीन किंवा हे. तो एका सकाळी गाडी घेऊन मावशीच्या दारात आला. मागच्या सीटवर माशांची काचेची टाकी, तिच्यात दोघं एकमेकांवर पडलेले, वर एक पिवळा बल्ब आणि तळाला विजेवर तापणारा एक दगड. "चार दिवस ठेव मावशी," म्हणाला. दगडानं दोन नंबरचं पोट भाजलेलं होतं. अंगावरची कात तुकड्यातुकड्यांनी चिकटून राहिली होती. कित्येक आठवडे तो जेवला नव्हता.

"पहिल्या दिवशी मला त्यांची भीती वाटली नाही," सिस्टर एकदा म्हणाल्या. "राग आला. एका खाटेवर दोन पेशंट, वरून उघडी टाकी, सगळी ऊब वर उडून जाते आणि खाली पोट भाजतं. कुणी केलं असतं असं आमच्या वॉर्डात, तर मी तिला दारात उभी केली नसती."

मग त्या वाचायला बसल्या. इंग्रजी वाचायची सवय दवाखान्यातली होतीच. मोबाईलवर देशोदेशीच्या सापवाल्यांची चर्चा वाचून, एकमेकांशी न जुळणारे सल्ले बाजूला काढून, त्यांनी दोघांना वेगळं केलं. लाकडी पेटी ऊब धरते म्हणून लाकडी पेटी. एका कडेला खालून ऊब देणारी गादी, तिला बंद-चालू करणारं यंत्र, आणि दुसरी कड गार. सापाला गरम वाटलं तर गारव्याला जाता आलं पाहिजे, थंडी वाजली तर उबेला. दोन्हीकडं लपायला जागा हवी, नाहीतर तो उबेसाठी आडोसा सोडेल किंवा आडोशासाठी ऊब. बाजारात या आडोशांसाठी प्लास्टिकच्या गुहा मिळतात. सिस्टरनी त्या घेतल्या नाहीत. त्या कुंभाराकडं गेल्या, हातानं माप दाखवलं आणि कडेला फोडून दार केलेली गाडगी करून घेतली.

"केवढी पाहिजेत?" कुंभारानं विचारलं होतं.

"आत बसलं की चारी बाजूंनी अंगाला लागली पाहिजेत."

"कुणाच्या अंगाला?"

सिस्टरनी खरं ते सांगितलं. कुंभार गाडगी पोचवायला स्वतः आला आणि साप बघून गेला. जाताना म्हणे त्यानं आपल्या हातच्या गाडग्यात साप सुखानं बसलेला पाहून नमस्कार केला.

तळाला रोपवाटिकेतून आणलेला नारळाचा भुसा, थोडा ओलसर. पाण्याचं जड दगडी भांडं, पालथं न होणारं. कात टाकायची वेळ आली की डोळे दुधाळ निळे होतात. तेव्हा त्या पेटीवर टॉवेल टाकत आणि त्या दिवसांत आम्हाला खालच्या खोलीत जायची बंदी असे. एकदा दोन नंबरनं नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सलग, अखंड कात टाकली. सिस्टर ती दोन्ही हातांवर आडवी धरून जिना चढून आल्या. आमच्या दाराशी उभ्या राहून त्यांनी ती उजेडाकडं धरली. डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक चकत्यासुद्धा तिच्यात होत्या. "बघा," एवढंच म्हणाल्या. त्यांना मी त्याच्या आधी आणि नंतरही इतकं खूश झालेलं फार वेळा पाहिलं नाही.

आता खाण्याचं. सिस्टर लिंगायत, गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा येत नसे. आणि त्यांच्या आतल्या खोलीत एक छोटा वेगळा फ्रिज होता, त्यात गोठवलेले उंदीर. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून ते पुण्याहून एसटीच्या पार्सलनं यायचे. पार्सल सोडवायला पहिल्यांदा मी गेलो होतो. डब्यात काय आहे, असं तिथल्या माणसानं विचारलं. मी खरं सांगितलं, तर तो हसला आणि म्हणाला, "सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या की."

जिवंत उंदीर घालायला त्या कधीच तयार झाल्या नाहीत. एक तर कोंडलेला उंदीर सापाला चावतो, आणि दुसरं, म्हणायच्या, मरायचंच आहे तर भीतीनं कशाला. पुण्याहून उंदीर पाठवणाऱ्यालाही त्यांनी खोदून खोदून विचारलं होतं, झोपवून मारता का कसं. समाधान झाल्यावरच पहिली मागणी गेली.

संध्याकाळी, दिवेलागणीला, उंदीर पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचा. हातमोजे. लांब चिमटा. उंदराची जाडी सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, त्याहून मोठा नको. चिमट्यात धरून गाडग्याच्या दारापुढं जरासा हलवायचा आणि आपण श्वास रोखून थांबायचं. एक नंबर लगेच झडप घालायचा. दोन नंबर बघायचा, जीभ काढायचा आणि आत जायचा. सिस्टर तो उंदीर बागेत पुरून टाकत, काच लावत आणि हात धुऊन देवापुढं दिवा लावत. दोन नंबरला कधी त्यांनी जबरदस्ती केली नाही. "भूक लागली की खाईल. जागा पटली नाही म्हणून खात नाही. जागा बघायची, पेशंटला रागवायचं नाही."

मी एकदा धीर करून विचारलं, "सिस्टर, तुम्ही माळकरी माणसासारख्या राहता. हे कसं जमतं तुम्हाला?"

त्यांनी चिमटा धुता धुता उत्तर दिलं. "मी खात नाही हा माझा नेम. त्याचा नेम देवानं वेगळा लावून दिलाय. माझा नेम त्याच्यावर लादला तर तो मरेल, आणि मग माझा नेम काय कामाचा?"

गल्लीतल्या बायांना हे सगळं माहीत होतं. नागपंचमीला चार-सहाजणी दुधाची वाटी, लाह्या, हळदकुंकू घेऊन दारात आल्या. जिवंत नागोबा घरात असताना चित्राची पूजा कशाला करायची, असा त्यांचा सरळ हिशोब. सिस्टरनी आतून विचारलं, "हात धुतले का?" आणि खरोखर सगळ्यांना नळावर पाठवलं. मग ओसरीत बसवून म्हणाल्या, "पूजा भिंतीवरच्या नागाची करा, त्याला चालते. हे दोघं झोपलेत. आणि दूध सापाला पचत नाही, बायांनो. तहानेला पितो बिचारा आणि आजारी पडतो. मी वॉर्डात कुठल्या लेकराला न पचणारं दिलं नाही, यांनाही देणार नाही."

एकजण जरा फुरंगटून म्हणाली, "मंग ह्या दुधाचं काय करायचं? घरी तर न्हेता येत न्हाय."

सिस्टरनी सगळ्या वाट्या एका पातेल्यात ओतल्या आणि चहा ठेवला. बाया लाह्या खात, चहा पीत तासभर गप्पा मारत बसल्या. पुढच्या वर्षी त्या आल्या तेव्हा एकीच्या पिशवीत दुधाबरोबर साखर आणि आलंही होतं.

माझी आई मात्र एवढ्यावर ऐकणारी नव्हती. आई आमच्या ईट गावी शेतावर राहायची. आमच्याकडं ती पहिल्यांदा थंडीत आली. आम्ही तिला सापांचं सांगितलं नव्हतं, आणि तिनं दुसऱ्याच दिवशी खालच्या खोलीचं दार उघडं बघून आत डोकं घातलं. ती जिना चढून वर आली आणि दाराला कडी लावून खाली बसली. बायकोनं पाणी दिलं.

"घोणस हाय," आई म्हणाली. "म्या सवताच्या डोळ्यानं बघितली. आपल्या बांधावर निघाली व्हती तसलीच घोणस."

मी समजावलं की ही घोणस नाही, फक्त ठिपके तसे दिसतात. आई म्हणाली, "ठिपकं बघून मानूस मरत न्हाय का? रातच्याला निघाली भाईर तर? आजच्या आज दुसरं घर बघ. न्हायतर म्या सूनबाईला घेऊन ईटला जाते."

मी सिस्टरना सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. रानात घोणशीनं गेलेली माणसं त्यांनी बघितली असतील. मीही बघितलीत, दवाखान्यात. त्यांना समजवायला जाऊ नका. घर बघा, पण घाई करू नका, थंडी आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळं मला जास्त वाईट वाटलं.

मी दोन घरं बघूनही आलो. एक तर पक्कं करण्याच्या बेतात होतो.

त्याच आठवड्यात थंडीची लाट आली आणि गल्लीचं रोहित्र जळालं. संध्याकाळी वीज गेली. दुसऱ्या दिवसाशिवाय काही होत नाही, असं कळलं. सिस्टरकडं इन्व्हर्टर होता, त्यावर दोन्ही पेट्यांच्या गाद्या चालू राहिल्या. अडचण एवढीच, की बऱ्याच महिन्यांच्या उपासानंतर दोन नंबरनं आदल्याच दिवशी उंदीर घेतला होता. जेवलेल्या सापाला थंडी लागली तर अन्न पचत नाही, पोटातच कुजतं, तो उलटून टाकतो आणि आधीच अशक्त असेल तर त्यातून उठत नाही.

तांबडं फुटायच्या वेळी आमच्या दारावर टकटक झाली. सिस्टर. शालीत गुंडाळलेल्या. पहिल्यांदाच त्यांनी हात धुतले का असं विचारलं नाही.

"इन्व्हर्टर बसला. पाणीवाले, गॅसवर पाणी तापवून देता का? माझा एकाच शेगडीचा गॅस आहे."

मी आणि बायको पातेली घेऊन कामाला लागलो. त्या काचेच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून दोन नंबरच्या पेटीला बाहेरून लावत होत्या, वर गोधडी टाकत होत्या. त्याला हात लावायचा नव्हता, जेवलेल्या सापाला हलवलं तरी तो उलटतो. बाटल्या निवत, त्या बदलत. या गडबडीत एक नंबरकडं बघायला कुणी नव्हतं. त्याला त्यांनी उशीच्या अभ्र्यात घालून, वर गाठ मारून, आपल्या पोटाशी शालीखाली बांधला होता. आणि त्याच अवस्थेत वाकून बाटल्या बदलत होत्या. वाकलं की तो अभ्रा घसरायचा.

आई जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन उभी होती. केव्हापासून, मला माहीत नाही.

"काय बांधलंय पोटाला?" तिनं विचारलं.

सिस्टरनी वर न बघता सांगितलं. "ताई, माझ्या अंगाची ऊब देतेय त्याला. आम्ही कमी दिवसांच्या लेकराला असंच आईच्या छातीशी बांधतो. पेटी बंद पडली तर दुसरा इलाज नसतो."

सिस्टरचा अभ्रा पुन्हा घसरला, त्यांनी एका हातानं सावरला, दुसऱ्या हातातल्या बाटलीतलं गरम पाणी पायावर सांडलं. त्यांनी ओठ दाबले आणि बाटली टॉवेलात गुंडाळली.

"आमी बी करडाला असंच धरतो," आई म्हणाली. "माघातलं करडू. पदरात घेऊन बसलं न्हाय तर सकाळपर्यंत ऱ्हात न्हाय." ती उरलेल्या पायऱ्या उतरली. भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळे मिटून दोन्ही हात पुढं केले. "आना हिकडं. गाठ पक्की हाय ना?"

"पक्की आहे."

"मंग आना. म्या बघनार न्हाय त्याच्याकडं."

सिस्टरनी तिच्या मांडीवर अभ्रा ठेवला, वरून स्वतःची शाल पांघरली. आई डोळे मिटूनच होती. थोड्या वेळानं म्हणाली, "हालतंय." आणखी थोड्या वेळानं, "गप बसलं." मग तिनं एक हात शालीत घालून अभ्र्याखाली धरला, करडाला धरतात तसा.

ऊन गच्चीवर आलं तेव्हा आई अभ्रा घेऊन वर जाऊन उन्हाकडं पाठ करून बसली. पेटीही उन्हात आणायची का, असं मी विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, काचेआड उन्हात भट्टी होते, भाजून मरेल. दुपारी वीज आली. एक नंबर आपल्या गाडग्यात गेला. दोन नंबरनं काही उलटलं नाही. सिस्टर त्याच्या पेटीपुढं जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या, भाजलेल्या पायाला आई खोबरेल लावायला निघाली होती आणि सिस्टर तिला सांगत होत्या की भाजल्यावर तेल लावत नाहीत, आधी गार पाणी. दोघींचा त्यावर बराच वाद झाला.

घराचा विषय पुन्हा निघाला नाही. आई ईटला परत गेली ती फोनवर आधी माझी, मग सूनबाईची आणि मग "त्या दोघांची" चौकशी करायला लागली. शेजारणीला ती सांगायची, घोणस न्हाय ती, नुसती दिसायला तसली. लई भितरं जनावर हाय.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी सिस्टर न्हाणीत घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण पाण्याचं दगडी भांडं त्यांना पहिल्यासारखं उचलता येईना. एक दिवस त्या वर आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हे तीस वर्षं जगतात. अजून वीस तरी जगतील. मी नाही. मी गेल्यावर दार उघडून आत येणारा पहिला माणूस काय म्हणेल, सांगा."

मला सांगायची गरज नव्हती. घोणस म्हणेल आणि काठी शोधेल.

"आम्ही सांभाळू," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. "दोन नंबरनं शेवटची कात कधी टाकली?"

मला आठवेना. त्या हसल्या, माझ्या हातावर थोपटलं. "तुम्ही चांगली माणसं आहात. तुमची बदलीही व्हायचीय. मला असं कुणीतरी पाहिजे, ज्याला हे विचारावं लागणार नाही."

भाचा आता परदेशी गेला होता, त्यानं तिथून कळवलं, विकून टाक. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. पण त्यानंच कुठंतरी लिहिलं असावं, कारण माणसं बघायला यायला लागली. स्थळं यावीत तशी. एक तरुण आला, त्यानं एक नंबरला थेट गळ्यात घातलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला. सिस्टरनी साप काढून घेतला आणि त्याला चहा न देता वाटेला लावलं. दुसरा म्हणाला, जिवंत उंदीर सोडून बघायला मजा येते. त्याला त्यांनी चहा दिला, पण काच उघडली नाही. तिसऱ्यानं विचारलं, दोघांना एकाच पेटीत ठेवलं तर जागा वाचेल ना?

शेवटी सोलापूरहून एक चाळिशीतला माणूस आला. चष्म्यांचं दुकान होतं त्याचं. बेल वाजवली, प्रश्न आला, तेव्हा म्हणाला, "धुतलेत, पण गाडीच्या दाराला हात लागलाय. पुन्हा धुऊ का?" दार नेहमीपेक्षा लवकर उघडलं.

तो पेट्यांपुढं उकिडवा बसला. बराच वेळ नुसता बघत होता. सिस्टरनी दोन नंबरला काढून त्याच्या हातावर ठेवलं तर त्यानं दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरली.

"भीती वाटते?" सिस्टरनी विचारलं.

"वाटते."

"चावायची?"

"नाही. माझ्याकडून याला काही होईल याची." तो ओशाळला. "दोन वर्षं नुसता वाचतोय. घ्यायचं धाडस झालं नाही. बायको म्हणते, तू घेणार नाहीस."

दोन नंबर त्याच्या तळहातावर गोळा होऊन बसला होता. मग हळूहळू गोळा सैल झाला, डोकं बाहेर आलं. त्याच्या मनगटावरून, शर्टाच्या बाहीत शिरून तो आडोसा शोधायला लागला. माणूस हललासुद्धा नाही. सिस्टर बघत होत्या.

"पेट्या माझ्या न्या," त्या म्हणाल्या. "गाडगीही. त्यांना वास ओळखीचा लागेल."

आम्ही त्यांच्याबरोबर सोलापूरला गेलो. त्या माणसाच्या घरी पेट्या कुठं ठेवायच्या यावर सिस्टरनी तासभर घेतला. खिडकीजवळ नको, स्वयंपाकघराच्या भिंतीला नको, टीव्हीच्या शेजारी नको. त्याच्या बायकोला त्यांनी गाडगं उचलून दाखवायला लावलं. ती हसत हसत घाबरत होती. निघताना सिस्टरनी पेट्यांकडं मागं वळून बघितलं नाही. दवाखान्यातून लेकरू घरी जायचं तेव्हाही आम्ही दारापर्यंत जात नसू, असं त्यांनी गाडीत सांगितलं.

घरी आल्यावर खाली फार शांतता झाली. आम्ही जिन्यावर चपला घालून चालू शकत होतो, पण कुणी चाललं नाही. सिस्टर सकाळी उठत, अंगण झाडत, पेपर वाचत. बायको रोज त्यांना ताट नेऊन द्यायला लागली, मनगटाचं निमित्त करून. ताट परत यायचं तेव्हा त्यात अर्धी भाकरी तशीच असायची. एकदा तर सगळंच. बायकोनं मला विचारलं, काही बोलायचं का त्यांना? मी म्हटलं, नको.

सोलापूरच्या माणसाचा फोन यायचा. एक नंबर दुसऱ्याच आठवड्यात जेवला. दोन नंबर नाही. महिना होत आला तरी नाही. त्याचा आवाज दर वेळी जास्त पडलेला असायचा. "सिस्टर, डॉक्टरला दाखवू का? माझं काही चुकतंय का?"

"वजन उतरलंय?"

"नाही."

"मग काही चुकत नाही. काच उघडू नका, डोकावू नका. नवीन घर आहे. त्याला कळू द्या."



एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसत होतो. आई ईटहून आलेली होती, तिनं हिरव्या मिरच्यांचा ठेचा केला होता आणि तव्यावर भाकरी होती. जिन्यावर हळूहळू पावलं वाजली. सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात फोन होता, बोलणं नुकतंच संपलेलं असावं. सोलापूरचा माणूस फोन ठेवायला तयार नसावा, कारण त्यांनी पुन्हा तो कानाला लावला आणि म्हणाल्या, "हो, कळलं, जेवला तो. आता दोन दिवस हात लावायचा नाही. झोपू द्या त्याला." मग फोन बंद केला.

इतक्या वर्षांत त्या आमच्याकडं कधी जेवायला बसल्या नव्हत्या. त्यांनी नळावर हात धुतले, पदराला पुसले आणि आईशेजारी पाट ओढून बसल्या.

"काय केलंय ताई आज?"

आईनं ताट पुढं सरकवलं. सिस्टरनी पहिली भाकरी संपवली आणि दुसरीसाठी हात पुढं केला.